जनावर मुकं, धनी बोलका : पशुसेवेचं शिक्षण आणि आपली सीमेवरची मराठी

मराठी वाङ्मय मंडळाच्या अंकात पशुसंवर्धनावर लेख कशाला, असं कुणीतरी विचारणारच. प्रश्न रास्त आहे. आपण कविता वाचतो, कादंबरीवर चर्चा करतो. गाईच्या कासेशी आपला काय संबंध?

संबंध असा. माणूस आजारी पडला की डॉक्टरला स्वतः सांगतो, "इथं दुखतंय." जनावर सांगू शकत नाही. त्याच्या वतीने सांगतो तो त्याचा धनी, आणि तो आपल्या घरच्या भाषेत सांगतो. म्हणजे जनावरांच्या दवाखान्यातली प्रत्येक तपासणी एका भाषेच्या वर्गापासून सुरू होते. ऐकणाऱ्याला ती भाषा कळली नाही तर पुस्तकातलं ज्ञान खिशातच राहतं.

आदिलाबाद जिल्ह्यात हा प्रश्न जास्तच जवळचा आहे. पैनगंगेच्या अलीकडे आपण, पलीकडे यवतमाळ. बेला, जैनथ या भागात आणि आता निर्मल जिल्ह्यात गेलेल्या भैंसा-मुधोळकडे कितीतरी घरांत मराठी बोलली जाते. शेजारच्या घरात तेलुगू, पुढच्या गुड्यावर गोंडी किंवा कोलामी, तांड्यावर बंजारा, बाजारात उर्दू-हिंदी. आपल्यापैकी काही जण, किंवा आपली लहान भावंडं, पशुसंवर्धनाच्या अभ्यासक्रमाला जातात, जाऊ इच्छितात. त्यांच्यासाठी आणि भाषेच्या विद्यार्थ्यांसाठी मिळून हा एक पाठ. पाठाचे भाग तीन: हे शिक्षण नेमकं काय असतं, त्यात भाषेचं काम काय, आणि आपल्यासारख्यांना त्यात काय करता येईल.

1. कोणतं शिक्षण, कोणतं काम

"जनावरांचा डॉक्टर व्हायचंय" असं आपण सरसकट म्हणतो. पण या क्षेत्रात तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत आणि त्या गोंधळल्या की पुढे पस्तावायची वेळ येते.

पहिली पायरी पदवीची, बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हवं. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, त्यात शेवटचं एक वर्ष इंटर्नशिप. ही पदवी घेऊन परिषदेकडे नोंदणी झाली की तो किंवा ती नोंदणीकृत पशुवैद्यक. शस्त्रक्रिया, रोगनिदान, औषधाची चिठ्ठी हे सगळं काम त्यांचं.

दुसरी पायरी पदविकेची. तेलंगणात पशुवैद्यक विद्यापीठाच्या पशुसंवर्धन पॉलिटेक्निकमधून दोन वर्षांची पदविका मिळते. दहावीनंतर पॉलिसेट देऊन तिथं जाता येतं. महाराष्ट्रात अशा शिक्षणातून आलेल्या माणसाला 'पशुधन पर्यवेक्षक' हे पद माहीत असतं. गावातले लोक मात्र त्यालाही 'डॉक्टरसाहेब'च म्हणतात.

तिसरी पायरी कमी मुदतीच्या प्रशिक्षणाची. राष्ट्रीय गोकुळ मिशनमध्ये 'मैत्री' नावाने कृत्रिम रेतनाचं काम करणारे तरुण-तरुणी तयार करतात. प्रशिक्षण साधारण तीन महिन्यांचं. आपल्याकडे गावोगाव फिरणारे 'गोपालमित्र' याच जातीचं काम करत आले आहेत. घरपोच सेवेसाठी 1962 या क्रमांकावर फोन केला की फिरता पशुदवाखाना येतो, हेही इथं सांगून ठेवते. अजून कित्येक घरांना हा आकडा माहीत नाही.

या तीन पायऱ्यांमधली रेषा कायद्याने आखली आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, 1984 याच्या कलम 30 प्रमाणे पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करायचा. पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्यांना राज्य सरकार 'किरकोळ पशुवैद्यकीय सेवा' देण्याची परवानगी देऊ शकतं, तीही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. किरकोळ म्हणजे काय, तेही कायद्यात आहे: लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी आणि सरकारने ठरवून दिलेले इतर प्राथमिक उपचार.

'किरकोळ' हा शब्द वाचून कुणी नाक मुरडू नये. गावाला रोज लागणारं काम हेच आहे. पावसाळ्याच्या तोंडावर शंभर जनावरांना लस टोचणारा हात नसेल तर मोठा सर्जन आला तरी उशीर झालेला असतो.

2. थोडा इतिहास

मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय उभं राहिलं आणि त्याच आवारात 1886 साली मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. 1889 मध्ये पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. ती पुढे 1893 ला कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली आणि तिचीच आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. त्या काळी सगळ्यांत मोठी भीती होती ती बुळकांडीची. गावंच्या गावं बैलांविना होत. ही बुळकांडी 2011 साली जगातून संपल्याचं जाहीर झालं. माणसाने मुळासकट संपवलेले रोग दोनच, माणसांमधली देवी आणि जनावरांमधली बुळकांडी. आज आजोबांच्या तोंडी 'बुळकांडी' हा शब्द उरलाय, रोग उरला नाही. एखादा शब्द असा बेरोजगार झालेला पाहून आनंद व्हावा, असं क्वचित घडतं.

विदर्भात नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालय 1958 चं, मराठवाड्यात परभणीचं 1972 चं. महाराष्ट्रातली ही सगळी महाविद्यालयं 2000 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात, मुख्यालय नागपूर. आपल्या बाजूला राजेंद्रनगर आणि जगित्याल जिल्ह्यातलं कोरुटला इथं महाविद्यालयं आहेत. आदिलाबादहून नागपूर साधारण दोनशे किलोमीटर, हैदराबाद तीनशे. एकाच महामार्गाची दोन टोकं. पण राज्य बदललं की प्रवेशाचे नियम आणि राखीव जागा बदलतात. म्हणून अंतर बघून नव्हे, नियम वाचून निर्णय घ्यावा.

तेलंगणाच्या पशुवैद्यक विद्यापीठाला पी. व्ही. नरसिंह राव यांचं नाव आहे. ते पंतप्रधान होते हे सगळ्यांना ठाऊक. पण त्यांनी हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही मराठी कादंबरी तेलुगूत नेली, हे आपल्या मंडळाने तरी लक्षात ठेवायला हवं. मराठीतलं दुःख तेलुगूत नेणाऱ्या माणसाचं नाव त्या विद्यापीठाला आहे. तिथं शिकणाऱ्या आदिलाबादच्या मुलाला रोज गोठ्यावर उलटसुलट हेच भाषांतर करावं लागतं.

3. रोगाचं नाव म्हणजे लक्षणांची टिपणी

आता भाषेकडे येऊ. आपल्या रोगांची जुनी नावं नीट वाचली तर त्यात निरीक्षण भरलेलं दिसतं.

*लाळ्या-खुरकुत.* तोंडात फोड, लाळेच्या तारा. खुरांच्या बेचक्यात जखमा, जनावर लंगडतं. दोन अवयव, दोन लक्षणं, एका जोडशब्दात. इंग्रजी नावात तोंड आणि पाय आहेत, मराठीने त्याहून बारीक पाहिलं: तोंड नव्हे, लाळ; पाय नव्हे, खूर. हा विषाणू फाटक्या खुरांच्या जनावरांना धरतो, घोड्या-गाढवांना नाही. आपलं नाव तिथंच बोट ठेवतं.

*फऱ्या.* फरा म्हणजे मागच्या पायाचा वरचा मांसल भाग. सूज तिथं येते. दाबलं की कागद चुरगाळल्यासारखा चरचर आवाज येतो, कारण आत वायू साठलेला असतो. याचंच दुसरं नाव *एकटांग्या*, एका टांगेने लंगडणारा. जास्त करून सहा महिने ते दोन वर्षांचं, अंगाने भरलेलं वासरू याला बळी पडतं.

*तिवा.* तीन दिवसांचा ताप. अंग आखडतं, जनावर बसून राहतं, पाय बदलत लंगडतं आणि बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या दिवशी उठतं. रोगाची मुदतच नावात आहे.

*दगडी.* कासेचा दाह. कास दगडासारखी कडक लागते.

*फाशी.* अचानक मरण. नाका-गुदातून काळपट, न गोठणारं रक्त. अशा जनावराला कधीही फाडायचं नाही, कातडं काढायचं नाही. उघडलं की जंतूंचे बीजाणू मातीत पसरतात आणि तिथं वर्षानुवर्षं जगतात.

तेलुगूतही हेच दिसतं. घटसर्पाला 'गोंतुवापु', म्हणजे गळ्याची सूज. फऱ्याला 'जब्बवापु', खांद्याकडची सूज. लाळ्या-खुरकुताला 'गालिकुंटु': गालि म्हणजे वारा, कुंटु म्हणजे लंगडणं. मराठी माणसाने लाळ आणि खूर पाहिले. तेलुगू माणसाने रोग वाऱ्यासारखा गावभर पसरतो हे पाहिलं. हा विषाणू खरोखरच हवेतूनही जातो. दोन्ही नावं एकत्र ठेवली की अर्धं प्रकरण तिथंच शिकून होतं. पुस्तकातलं लॅटिन नाव पाठ करावंच लागतं, पण या नावांवरून सुरुवात केली तर ते डोक्यात राहतं.

4. नाव फसवतं तेव्हा

मात्र शब्दावर आंधळा विश्वासही ठेवायचा नाही.

*दुधी ताप* घ्या. भरपूर दूध देणारी गाय व्यायल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत खाली बसते, मान वळवून कुशीवर टाकते, कान गार पडतात. नाव 'ताप' असलं तरी ताप नसतो. उलट अंगाचं तापमान उतरलेलं असतं. खरं कारण रक्तातलं कॅल्शियम घटणं. नावाला भुलून कुणी तापाचं औषध दिलं तर वेळ गेली. कॅल्शियमसुद्धा शिरेतून हळूहळूच द्यावं लागतं, भरभर गेलं तर हृदय थांबतं. म्हणून ते काम पशुवैद्यकाचं. सहायकाचं काम काय? थर्मामीटर लावून, "डॉक्टरसाहेब, ताप नाहीये, गाय काल व्यायलीय आणि कान गार आहेत," हे एक वाक्य फोनवर अचूक सांगणं. (गाईचं नेहमीचं तापमान साधारण 101.5 अंश फॅरनहाइट.) त्या एका वाक्यावर गाय वाचते.

दुसरं उदाहरण *घटसर्प*. माणसांत घटसर्प म्हणजे लहान मुलांना घशात होणारा डिप्थेरिया. गाई-म्हशींत घटसर्प म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला येणारा, गळा सुजवून श्वास घुरघुरायला लावणारा आणि एखाद्या दिवसात जीव घेणारा वेगळाच रोग. जंतू वेगळे, लस वेगळी, नाव एक. "घटसर्पाची लस झाली का?" हा प्रश्न बाळाबद्दल आहे की म्हशीबद्दल, ते संदर्भावरून ठरतं.

तिसरं याच्या उलट. जनावरातली *फाशी* आणि माणसाच्या हातावर येणारी *काळपुळी* यांची नावं दोन, जंतू एक. शब्द वेगळे असल्यामुळे लोकांना त्यांचं नातं लक्षात येत नाही. मेलेलं जनावर सोललं आणि आठवड्याने हाताला काळी खपली आली, या दोन गोष्टी कुणी जोडत नाही. ते जोडून दाखवणं हे खरं तर भाषेचंच काम.

5. हिस्टरी घेणं

माझा मावसभाऊ पशुसंवर्धन पदविकेला आहे. सुट्टीत त्याच्या वह्या चाळताना एक गोष्ट लक्षात आली: वर्गात 'अ‍ॅनोरेक्सिया' शिकवतात, बेल्याचा शेतकरी म्हणतो, "बैल खाऊन नाही राहिला." वहीत 'रिपीट ब्रीडिंग' असतं, गोठ्यावर "गाय पुन्हा उलटली" असतं. अर्थ एकच, पण ज्याने हे शब्द घरात ऐकलेले नाहीत त्याला वहीतून गोठ्यात यायला वेळ लागतो.

कृत्रिम रेतनाचंच बघा. गाय साधारण 21 दिवसांनी माजावर येते. माज ओळखायची खूण म्हणजे हंबरणं, दुसऱ्या गाईवर चढणं, दुसरीला चढू देणं, दूध कमी होणं आणि 'बळस', म्हणजे योनीतून लोंबणारा काचेसारखा स्वच्छ चिकट स्राव. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा सर्वसाधारण नियम. रेतमात्रा उणे 196 अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमधून काढून 37 अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट ठेवायची, मग वापरायची. ही झाली शास्त्राची बाजू.

पण सगळा हिशोब एका प्रश्नाच्या उत्तरावर उभा आहे: "कधीपासून?" शेतकरी म्हणतो, "कालपासून ओरडते." काल म्हणजे काल सकाळ की काल रात्र? "बळस टाकते." स्वच्छ की पिवळट? पिवळट, पुवासारखी असेल तर गर्भाशयात संसर्ग आहे, त्या दिवशी रेतन करायचंच नाही. हे प्रश्न विचारले नाहीत तर संधी हुकते आणि पुढचे 21 दिवस त्या घराने गाय नुसती पोसायची. महिना-महिना असा गेला की गाय भाकड ठरते आणि शेवटी विकली जाते. एका अर्धवट प्रश्नाची किंमत इतकी असू शकते.

म्हणून हिस्टरी घेताना काही साधे नियम:

— "होय" किंवा "नाही" उत्तर येईल असा प्रश्न आधी विचारू नये. "जुलाब होतात का?" ऐवजी "शेण कसं टाकते?" विचारावं.

— वेळ ठरवायला घड्याळ नको, कामं धरावीत. "धार काढताना बरी होती का? चरायला सोडली तेव्हा?"

— घरातल्या बाईला विचारावं. धार काढणं, शेण उचलणं, वैरण टाकणं बहुतेक घरांत तिच्याकडे असतं. पान्हा कधीपासून चोरते, हे तिलाच ठाऊक. पण दवाखान्यात बोलतो पुरुष.

— काय खाल्लं, ते नेमकं. आपल्याकडे पाऊस ताणला की ज्वारीचं कोवळं, वाढ खुंटलेलं पीक जनावर खातं आणि सायनाइडच्या विषबाधेने तासाभरात कोसळतं. कपाशीवर फवारणी चालू असेल तर बांधावरचं गवत विचारात घ्यावं.

— गावठी उपाय काय केला ते न रागावता विचारावं. रागावलं की माणूस पुढचं लपवतो.

शेवटचा नियम मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. जून महिन्यात पेरणीच्या तोंडावर जोडीतला एक बैल गेला तर त्या घराचा हंगाम गेला. अशा माणसासमोर आपण उभे असतो. त्याच्या बोलीला हसणं, 'शुद्ध बोला' असा चेहरा करणं, याची जागा दवाखान्यात नाही.

6. गोंडी गुड्यावर मराठी पुरत नाही

आपण मराठीवाले इथं थोडे फुशारतो: आम्हाला तेलुगू येते, मराठी येते, काम झालं. पण गोंड आणि कोलाम गुड्यांवर आपणही परकेच. तिथल्या म्हाताऱ्या आजीला ना तेलुगू नीट येते ना मराठी.

याला या जिल्ह्यात एक जुना धडा आहे. 1940 च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ जैनूरजवळच्या मारलवाई गावी राहिले. निजामाच्या सरकारने त्यांच्या सल्ल्याने गोंड मुलांसाठी शिक्षण योजना चालवली. गोंड तरुणांनाच शिक्षक म्हणून तयार केलं आणि गोंडीची पहिली वाचनपुस्तकं देवनागरी लिपीत काढली. मुद्दा साधा होता: बाहेरचा माणूस आणून भाषा शिकवण्यापेक्षा भाषा असलेल्या माणसाला विद्या शिकवावी.

पशुसेवेला हे तंतोतंत लागू पडतं. गुड्यावरचीच एखादी मुलगी लसीकरण आणि प्रथमोपचार शिकली तर ती जे ऐकू शकेल ते आपल्याला दहा वर्षांत ऐकू येणार नाही.

7. जनावराला शिकवणं

'प्रशिक्षण' म्हटलं की आपल्याला पोलिसांचे श्वान आठवतात. ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचं मोठं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. पण आपल्या शेतात रोज चालणारं प्रशिक्षण आपण मोजतच नाही.

गोऱ्हा जुवाला लावायचा तर त्याला आधी जुन्या, शहाण्या बैलाशेजारी जुंपतात. सुरुवातीला हलकं ओझं. हाक आणि कासऱ्याचा झटका एकाच वेळी. मग हळूहळू झटका कमी, नुसती हाक. कपाशीत डवरा चालवताना दोन ओळींमधून, एकही झाड न मोडता, बैल जातो तो या शिकवणुकीवर. श्वानशाळेतही तत्त्व हेच: इशारा एकच ठेवा, तो बदलू नका, बरोबर केलं की त्याच क्षणी बक्षीस द्या. उशिरा दिलेली शाबासकी जनावराला कशाबद्दल होती ते कळत नाही, आणि मारलेल्या फटक्याने ते काम शिकत नाही, हात ओळखायला शिकतं.

योहानाच्या शुभवर्तमानात मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो आणि ती त्याचा आवाज ओळखतात, असं येतं. आपण ते उपमा म्हणून ऐकतो. धनगराला विचारा, तो म्हणेल ही उपमा नाही, रोजचं काम आहे. तेलंगणात 2019 च्या पशुगणनेत मेंढ्या 1 कोटी 90 लाखांच्या वर निघाल्या, देशात सर्वांत जास्त. आवाज ओळखणाऱ्या या एवढ्या जिवांच्या आरोग्याचं काम कुणीतरी शिकायला हवं.

जोखडामुळे खांदा सोलवटतो, आवाळू येतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकून तूप-हळद लावायची रीत आहे. सण म्हणून आपण ती वर्षातून एकदा करतो. विद्यार्थ्याने ती वर्षभराची तपासणी म्हणून शिकावी.

8. हात जपून, औषध जपून

या कामात धोका आहे आणि तो आधीच सांगितला पाहिजे. सांसर्गिक गर्भपाताची म्हणजे ब्रुसेलाची लस 4 ते 8 महिन्यांच्या मादी वासरांना आयुष्यात एकदा देतात. ती जिवंत जंतूंची लस आहे. सुई चुकून टोचणाऱ्याच्या हातात गेली तर त्यालाच तो रोग होऊ शकतो: महिनोन्महिने येणारा-जाणारा ताप, सांधेदुखी. तेव्हा हातमोजे आणि चष्मा ही फॅशन नाही. वार अडकलेली उघड्या हाताने ओढणं, हेही तसंच.

औषधाचं तर आपल्या शेजारीच उदाहरण आहे. जनावरांच्या दुखण्यावर डायक्लोफेनॅक सर्रास वापरलं जायचं. असं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होऊन ती मरत. 2006 साली भारताने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. 2023 मध्ये अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेनवरही घातली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना चालतं. बेज्जूरच्या जंगलात पालरापू कड्यावर गिधाडांची वस्ती नोंदली गेली आहे, नदीपलीकडे गडचिरोलीतही गिधाडांची नोंद आहे. म्हणजे गोठ्यात कोणती बाटली फोडली, याचा निकाल त्या कड्यावर लागतो. मेडिकलमधून माणसाचं औषध आणून बैलाला टोचणारा 'स्वस्त डॉक्टर' किती महाग पडतो, ते यावरून समजावं.

9. आपण काय करू शकतो

हे सगळं वाचून कुणी पशुसंवर्धनाला गेलं तर उत्तमच. नाही गेलं तरी भाषेच्या विद्यार्थ्यांसाठी एक काम पडलेलं आहे: शब्दसंग्रह. आपल्या जिल्ह्यातल्या गोठ्यांमधले शब्द गोळा करायचे. मराठी, तेलुगू, गोंडी, बंजारा, एका ओळीत चार रकाने, लिपी देवनागरी आणि तेलुगू दोन्ही. कालवड, वगार, गोऱ्हा, पाट. गाभण, फळली, उलटली, आटली. पान्हा, बळस, वार. आणि प्रत्येक रोगाचं गावात चालणारं नाव, त्यापुढे लक्षण. शब्दकोशातून उचलायचे नाहीत, तोंडून ऐकून लिहायचे, आणि गाव लिहायचं. मग पदविकेचा अभ्यास केलेल्या कुणाकडून तपासून घ्यायचे. असा पाच-पन्नास पानांचा संग्रह एखाद्या नव्या सहायकाच्या पिशवीत राहिला तर आपल्या मंडळाचं ते सर्वांत वाचलं जाणारं प्रकाशन ठरेल.

स्वाध्याय

1. घरातल्या किंवा शेजारच्या ज्येष्ठ व्यक्तीकडून जनावरांच्या पाच रोगांची नावं मिळवा. प्रत्येक नावात कोणतं लक्षण, अवयव किंवा काळ दडला आहे ते लिहा.

2. 'घटसर्प' आणि 'फाशी-काळपुळी' यांसारखी, एक नाव दोन रोग किंवा एक रोग दोन नावं, अशी आणखी उदाहरणं शोधा. त्यातून गैरसमज कसा होऊ शकतो?

3. "गाय बरी नाही" एवढंच सांगणाऱ्या शेतकऱ्याला तुम्ही विचाराल असे सात प्रश्न लिहा. एकाचंही उत्तर "होय" किंवा "नाही" येता कामा नये.

4. पदवी, पदविका आणि कमी मुदतीचं प्रशिक्षण यांपैकी तुमच्या गावाला आज कशाची गरज जास्त आहे? गावातली जनावरं, दवाखान्याचं अंतर आणि गावात चालणाऱ्या भाषा लक्षात घेऊन दहा ओळी लिहा.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं मंडळाकडे पाठवा. चांगली असतील ती शब्दसंग्रहाच्या सुरुवातीला छापू.